काटा जागेवर, बांगड्या मात्र सैल

श्रोतेहो, नमस्कार.

इंदूरच्या आपल्या मराठी घरांत बाईला गर्भाशयाचा किंवा बीजांडकोशाचा कॅन्सर झाला की दोन गोष्टी हमखास कानावर येतात. ‘नीट जेवत नाही, म्हणून वाळली’ आणि जरा जाड असेल तर ‘वजन उतरलं, बरंच झालं’. दोन्हींनी तिचं नुकसान होतं, म्हणून आज बोलायचं आहे.

कॅन्सरमुळे शरीरात सतत दाह धुमसत राहतो. त्यातून इंटरल्यूकिन-६ सारखी द्रव्यं रक्तात वाढतात. ती भूक मारतात, शिवाय स्नायूंतली प्रथिनं तुटण्याचा वेग वाढवतात. त्यामुळे चार घास पोटात गेले तरी दंड आणि मांड्या झिजत राहतात. याला कॅकेक्सिया म्हणतात. सहा महिन्यांत ५ टक्क्यांहून जास्त वजन आपोआप घटलं, म्हणजे साठ किलोच्या बाईचं तीन किलोंहून जास्त, की सावध व्हायचं. तेव्हा ताटावरून तिच्यावर रागावू नका हो. तो तिचा हट्ट नसतो.

बीजांडकोशाच्या कॅन्सरमध्ये तर काटाही फसवतो. पोटात पाणी साठतं, वजन तेवढंच दिसतं आणि आत स्नायू वितळत असतात. बांगड्या कोपराकडे सरकतात का, खुर्चीतून हात न टेकता उठता येतं का, ते पाहा. गर्भाशयाच्या अस्तराचा कॅन्सर स्थूल बायकांत जास्त आढळतो. तिथे झीज चरबीखाली झाकली जाते. सीटी स्कॅन झालाच असेल तर त्यातून कंबरेच्या तिसऱ्या मणक्यापाशी स्नायू मोजता येतात. डॉक्टरांना जरूर विचारा, कारण स्नायू कमी असले की किमोथेरपीचा त्रास जास्त होतो.

नुसत्या खाण्याने ही झीज पूर्ण भरून येत नाही, तरी खाणं सोडून चालणार नाही. वजनाच्या दर किलोमागे रोज १ ते १.५ ग्रॅम प्रथिनं हवीत. सकाळच्या पोहे-जलेबीत ती फार थोडी. त्यापेक्षा उसळ-पोहे करा, सोबत दही द्या. चालत असेल तर अंडं, नाहीतर पनीर. ताट भरून वाढू नका; दर दोन-तीन तासांनी थोडं थोडं द्या. आणि एकादशी, चातुर्मास, सोमवार हे उपवास उपचार चालू असेपर्यंत थांबवा. सासूबाईंनी स्वतः सांगितलं तर सुनेला ते सोपं जाईल.

डॉक्टरांनी परवानगी दिली की खुर्चीतून उठबस आणि पाण्याची छोटी बाटली उचलण्यासारखे हलके व्यायाम रोज करू द्या. मूत्रपिंडाचा विकार असेल तर प्रथिनं वाढवण्याआधी मात्र डॉक्टरांशी बोला.