माहितीपत्रकातले आकडे आणि आपला रस्ता

जालन्यातल्या पाच माणसांच्या घराने पंधरा लाखांच्या आसपासची इलेक्ट्रिक एसयूव्ही घ्यायचे मनावर घेतले, की पहिला प्रश्न ठरलेला असतो: एका चार्जमध्ये किती चालते? प्रश्न रास्त आहे. पण त्याचे उत्तर माहितीपत्रकावर ठळक छापलेल्या एका आकड्यात शोधू नये, एवढेच मला आज सांगायचे आहे. ते उत्तर त्याच पत्रकात चार-पाच ठिकाणी विखुरलेले असते आणि त्याचा काही भाग आपल्या घरच्या मीटरपाशी असतो.

टाटा नेक्सॉनच्या 45 किलोवॉट-तास बॅटरीच्या गाडीचे उदाहरण घेऊ. तिची प्रमाणित रेंज, म्हणजे सरकारमान्य चाचणीत एका चार्जमध्ये कापलेले अंतर, 489 किलोमीटर आहे. हा आकडा खोटा नाही. परंतु तो ज्या भारतीय चाचणीतून येतो, तिच्यात शहराबाहेरचा टप्पा धरूनही वेग ताशी 90 किलोमीटरच्या वर जात नाही, आणि प्रत्यक्ष वापरातली रेंज साडेतीनशेच्या आसपास असल्याचे कंपनी स्वतःच सांगते. आपल्या दाराशी समृद्धी महामार्ग आहे आणि तिथे मोटारींना ताशी 120 ची मुभा आहे. हवेचा रोध वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढत असल्यामुळे 90 वरून 120 वर जाताच तो पावणेदोन पटींहून थोडा अधिक होतो आणि रेंज घटते.

किलोवॉट-तास म्हणजे वीजबिलावरचे युनिट, हे एकदा ध्यानात घेतले की हिशेब घरबसल्या जमतो. 45 युनिटांतले तळाचे दहा टक्के राखून ठेवले, तर हाती 40 उरतात. बेताने चालवून युनिटमागे सात किलोमीटर मिळाले, तर 280 किलोमीटर होतात. मे महिन्यात, भरलेल्या गाडीत, एसी लावून, 120 च्या वेगाने पाचच मिळाले, तर 200. जालना ते नागपूर हे अंतर साडेतीनशेहून अधिक आहे. म्हणजे गाडी तीच, बॅटरी तीच, पण वाटेत एकाऐवजी दोन थांबे घ्यावे लागतात.

थांबा किती वेळाचा, हे चार्जरवर लिहिलेल्या किलोवॉटपेक्षा गाडी किती शक्ती घेऊ शकते यावर अवलंबून असते. म्हणून 10 ते 80 टक्के भरायला लागणारी मिनिटे विचारावीत. ऐंशी टक्क्यांच्या पुढे चार्जिंगचा वेग बराच मंदावतो. बॅटरी द्रवाने थंड राखली जाते का, हेही पाहावे. परभणी-नांदेडकडे पारा 42-43 वर असताना तापलेली बॅटरी स्वतःच्या रक्षणासाठी चार्जिंग हळू करते, तेव्हा ही सोय उपयोगी पडते.

घरच्या 15 अँपिअरच्या सॉकेटवर 3.3 किलोवॉटने रात्री आठ तास गाडी लावली, तर गळती वजा जाता साधारण 23 युनिटे पडतात. रोजच्या शंभरेक किलोमीटरला ती पुरतात. मात्र सॉकेटमागचे अर्थिंग कोणत्याही माहितीपत्रकात छापलेले नसते. गेल्या उन्हाळ्यात मी भावाच्या गावी गेलो, चार्जर लावला आणि त्यावर लाल दिवा लागला. आधी फीडरवर संशय घेतला, मग गाडीवर. शेवटी गावातल्या वायरमनने अंगणातल्या अर्थिंगच्या खड्ड्यावरची फरशी उचलून दाखवली. काळी माती वाळून तिला बोटभर भेगा पडल्या होत्या. अशा मातीत विजेला जमिनीत उतरायला वाट नसते. दोन बादल्या पाणी ओतले, पंधरा-वीस मिनिटे थांबलो आणि हिरवा दिवा लागला. टँकरची वाट पाहणाऱ्या गावात ते पाणी ओतताना मला फार अवघड वाटले. गाडी घरी येण्याआधी अर्थिंगचा रोध मोजून घ्यावा, हे मी म्हणूनच आवर्जून सांगतो.

आता आकारमान. पेट्रोल-डिझेलच्या गाड्यांत चार मीटरच्या आतली लांबी आणि लहान इंजिन असेल, तर जीएसटी कमी पडतो. इलेक्ट्रिक गाडीवर लांबी काहीही असो, 5 टक्केच जीएसटी आहे. त्यामुळे चार मीटरच्या हट्टापेक्षा व्हीलबेसकडे, म्हणजे पुढच्या आणि मागच्या चाकांमधल्या अंतराकडे, लक्ष द्यावे. एमजी विंडसर या इलेक्ट्रिक गाडीचा व्हीलबेस 2700 मिलिमीटर आहे, नेक्सॉनचा 2498. हा दोनशे मिलिमीटरांचा फरक मागे बसणाऱ्यांच्या गुडघ्यांना जाणवतो. ग्राउंड क्लिअरन्सचा, म्हणजे रस्त्यापासून गाडीच्या तळापर्यंतच्या उंचीचा, आकडा रिकाम्या गाडीचा आहे की भरलेल्या, हे विचारून घ्यावे. स्टेपनी आहे की नुसते पंक्चर किट, तेही पाहावे, कारण टायरची कड फाटली तर किटचा उपयोग होत नाही.

पेट्रोल गाडीच्या सांगाड्यावर बेतलेल्या काही गाड्यांत फरशीखाली बॅटरी आल्यामुळे मागचा तळ उंचावलेला असतो. मग गुडघे वर येतात आणि मांड्यांना आधार उरत नाही. ही उंची पत्रकात सहसा नसते. तेव्हा चाचणी फेरीला घरातल्या आजींना सोबत न्यावे, त्यांना मागच्या बाकावर बसवून निदान अर्धा तास खडबडीत रस्त्याने गाडी फिरवावी आणि उतरल्यावर गुडघे दुखले का, हे त्यांनाच विचारावे.