‘येथील’ म्हणजे कुठलं?

(पत्रकार दिनानिमित्त साताऱ्यात, जिल्ह्यातल्या छोट्या वृत्तपत्रांच्या संपादक-मालकांसमोर दिलेल्या व्याख्यानाचं संपादित शब्दांकन)

नमस्कार मंडळी.

आज ६ जानेवारी. १८३२ साली याच तारखेला बाळशास्त्री जांभेकरांचं ‘दर्पण’ मुंबईत निघालं, हे या सभागृहात कुणाला सांगायला नको. त्यातली एकच गोष्ट आठवून देतो. ‘दर्पण’मध्ये एका स्तंभात मराठी मजकूर असायचा आणि शेजारच्या स्तंभात इंग्रजी. वाचणारा कोण आहे, याचा विचार करून ते पान आखलेलं होतं. आज आपला बहुतेक वाचक फोनवर वाचतो आणि आपण बातमी मात्र अजून आठ कॉलमच्या पानासाठीच लिहितो. तिथूनच माझं म्हणणं सुरू होतं.

आयोजकांनी विषय दिलाय, मोबाइलवरच्या वाचनासाठी छोट्या वृत्तपत्रांनी काय तयारी करावी. सात-आठ मुद्दे लिहून आणलेत, ते सांगणारच आहे. पण आधी एक प्रसंग सांगतो. माझा सगळा विचार त्या प्रसंगातून आलाय.

मी तेव्हा जिल्हा पानावर उपसंपादक होतो. जुलै महिना. महाबळेश्वर, जावळी, पाटण या पट्ट्यात पाऊस कसा कोसळतो ते तुम्हाला माहीत आहे. सोमवारी संध्याकाळी सुट्टीचा आदेश आला आणि आम्ही दुसऱ्या दिवशीच्या अंकात दोन कॉलमात बातमी लावली, ‘शाळांना आज सुट्टी’. खाली मजकूर, ‘मुसळधार पावसामुळे तालुक्यातील सर्व शाळांना आज (मंगळवारी) सुट्टी जाहीर करण्यात आली आहे.’ बातमी खरी होती, वेळेवर होती, लोकांच्या उपयोगाची होती.

पुढच्या वर्षी तोच जुलै, तसाच पाऊस. मंगळवारी पहाटे साडेपाचला पाटणकडच्या एका गुरुजींचा फोन. “साहेब, आज सुट्टी आहे ना?” म्हटलं, नाही, तसा काही आदेश नाही. तर म्हणाले, “अहो, तुमच्याच पेपरात आलंय की!” आणि व्हॉट्सॲपवर कात्रण आलं. आमचंच अक्षर, आमचीच मांडणी, वर ‘प्रतिनिधी’. आणि त्यात छापलेलं, ‘आज (मंगळवारी)’. योगायोग असा की त्या दिवशीही मंगळवारच होता. साडेआठपर्यंत माझा फोन खाली ठेवता आला नाही. पालक, शिक्षक, रिक्षावाले, एक सरपंच. मी प्रत्येकाला तेच सांगत होतो आणि प्रत्येक जण तेच कात्रण मला परत पाठवत होता. नंतर एका मुख्याध्यापकांनी सांगितलं, त्यांच्याकडे सत्तर मुलांचे तांदूळ शिजले होते आणि मुलं आली पंचवीस.

दुपारी ऑफिसात जाऊन मी ते कात्रण मोठं करून बघत बसलो. कुठे चुकलं? तारीख शोधली. तारीख नव्हतीच. ती होती पानाच्या माथ्यावर, फोलिओत, बातमीच्या चांगली नऊ इंच वर. कापणाऱ्याने बातमीच्या चौकटीला धरून नेटकं कापलं होतं. आपल्या आईवडिलांनी कात्रीने कापून वहीत चिकटवलं, तसंच त्याने बोटाने कापलं. आदल्या वर्षी त्याने ते लोकांच्या सोयीसाठीच पाठवलं होतं. त्याच्यावर खोटेपणाचा आरोप करणं अन्यायाचं आहे. आमची बातमी पानाच्या आधाराने उभी होती. पान काढून घेतलं आणि तिला स्वतःची तारीखही सांगता आली नाही.

मंडळी, कागदावर बातमी कुटुंबात राहते. तारीख माथ्यावर, गाव आवृत्तीच्या नावात, कालचा संदर्भ कालच्या अंकात. मोबाइलवर ती एकटी फिरते. एकट्या फिरणाऱ्या माणसाच्या खिशात नाव, गाव आणि पत्ता असावा लागतो. बातमीच्याही खिशात तो असला पाहिजे, ही माझी मुख्य मागणी आहे.

आपला सगळ्यांचा लाडका शब्द घ्या, ‘येथील’. ‘मलकापूर : येथील पूल वाहतुकीसाठी बंद.’ आपल्याला वाटतं, कराडजवळचं मलकापूर. पण एक मलकापूर कोल्हापूर जिल्ह्यात शाहूवाडी तालुक्यात आहे आणि एक बुलढाण्यात. कुडाळ आपल्या जावळीत आहे, तसं सिंधुदुर्गातही आहे. सातारा आवृत्तीचा कागद हातात असेल तर शंका येत नाही. पण पुण्यात नोकरी करणाऱ्या बुलढाण्याच्या मुलाच्या फोनवर ती ओळ आली की तो घरी फोन लावतो. ‘येथील’ या शब्दात काही वाईट नाही, मी स्वतः तो हजारो वेळा लिहिलाय. फक्त त्याच्या आधी तालुका आणि जिल्हा हवा.

दुसरा लाडका प्रकार म्हणजे अवतरणातले ‘तो’ आणि ‘त्या’. ‘अखेर ‘त्या’ शिक्षकाची बदली’. काल ज्यांनी वाचलं त्यांना ‘त्या’ कळतं. आणि मोबाइलवर? ‘काल’ नावाचा अंक तिथे नसतोच. कोण शिक्षक, कुठली शाळा, प्रकरण काय, काही नाही. हात वर करा, या आठवड्यात कुणाकुणाच्या मथळ्यात ‘तो’ किंवा ‘त्या’ होता? बघा, पुढच्या दोन रांगा जवळजवळ पूर्ण.

तीच गोष्ट निधनवार्तेची. आपल्या पेपरात सगळ्यात मन लावून वाचलं जाणारं ते सदर आहे, आणि ते बोलून दाखवायला आपल्याला उगाच संकोच वाटतो. मुंबईत राहणारा माणूस गावचा पेपर पहिल्यांदा कशासाठी उघडतो? कोण गेलं ते बघायला. आणि आपण लिहितो, ‘रक्षाविसर्जन रविवारी सकाळी ९ वाजता’. कुठला रविवार? त्याला गाडी पकडायची असते. एक तारीख घातली तर तो त्या घरच्या दारात वेळेवर उभा राहतो.

आता ई-पेपर. आपल्यातल्या बहुतेकांच्या मते मोबाइलची तयारी म्हणजे पानाची पीडीएफ. २०२० च्या एप्रिलमध्ये राज्य सरकारने घरोघरी पेपर टाकायला मनाई केली, तेव्हा आपण सगळ्यांनी तीच पाठवली. त्या वेळी दुसरा मार्गच नव्हता, आणि लोकांच्या हातात पेपर गेला याचं मला आजही समाधान आहे. पण तात्पुरती सोय कायमची झाली.

आमच्या शेजारी एक आजी आहेत, ऐंशीच्या पुढच्या. त्यांना मी ई-पेपर वाचताना रोज बघतो. दोन बोटांनी पान मोठं करायचं, पहिली ओळ उजवीकडे सरकवत वाचायची, मग परत डावीकडे आणायचं. तोवर कुठली ओळ होती ते हरवतं. कॉलम संपला की पुढचा वर आहे की शेजारी, तेही कळत नाही. मग ‘पान ५ वर’. तिथे त्या थांबतात आणि फोन उपडा ठेवतात. त्या तीस वर्षांच्या वर्गणीदार आहेत. त्यांच्या डोळ्यांना आपण काय देतो आहोत, याची मला मनापासून खंत वाटते.

हीच बातमी मजकूर म्हणून दिली तर? युनिकोड म्हणजे सगळ्या फोन-संगणकांवर सारखाच चालणारा अक्षरसंकेत. त्याच्या रूढ साठवणीत देवनागरीचं एक चिन्ह ३ बाइट घेतं. तीनशे शब्दांची बातमी म्हणजे ढोबळमानाने दोन हजार चिन्हं, म्हणजे सहा किलोबाइट. पानाचं चित्र मेगाबाइटमध्ये जातं. कोयनेच्या खोऱ्यात जिथे रेंजची एकच कांडी येते, तिथे सहा किलोबाइट पोचतात आणि मेगाबाइट फिरत राहतो. मजकूर मोठा करता येतो आणि ओळी आपोआप स्क्रीनमध्ये बसतात. ज्यांना दिसत नाही त्यांना फोन तो मोठ्याने वाचून दाखवतो. चित्रातली बातमी अनेकदा त्यांच्यासाठी छापलेलीच नसते.

चिठ्ठी आली आहे, दहा मिनिटं. बरं. उरलेलं भराभर सांगतो.

बातमी टाइप होतानाच ती युनिकोडमध्ये असू द्या. अजून कित्येक ठिकाणी जुन्या फाँटमध्ये पान लागतं आणि मग वेबसाइटसाठी कुणीतरी ते रूपांतर करत बसतं. त्या फाँटमध्ये इंग्रजी अक्षराच्या जागी मराठी आकार बसवलेला असायचा, प्रत्येक कंपनीचा वेगळा. ऱ्हस्व वेलांटी अक्षराच्या आधी टाइप व्हायची, युनिकोडमध्ये ती नंतर येते. म्हणून रूपांतरात वेलांट्या भलतीकडे जातात आणि माणसाच्या नजरेखालून मजकूर घालावाच लागतो. पान लावायच्या इनडिझाइन सॉफ्टवेअरमध्ये जोडाक्षरं फुटत असतील तर बहुतेक वेळा त्यातल्या ‘कंपोझर’ची, म्हणजे अक्षरं-ओळी जुळवणाऱ्या सोयीची, निवड बदलायची राहिलेली असते. ती बदला आणि जुना फाँट सोडा.

एक बारीक पण मोलाची गोष्ट. आपल्या पेपरात सगळ्यात जास्त येणारा शब्द कुठला? ‘शेतकऱ्यांना’. त्यातला ऱ्य दोन तऱ्हांनी टाइप होतो. नुक्ता असलेल्या ‘ऱ’चा पाय मोडून, किंवा साध्या ‘र’चा पाय मोडून पुढे एक न दिसणारं जोडचिन्ह टाकून. डोळ्यांना दोन्ही सारखेच. पण शोधयंत्राने काळजी घेतलेली नसेल तर एक शोधला की दुसरा सापडत नाही, आणि तुमच्या निम्म्या शेतकऱ्यांच्या बातम्या तुमच्याच संग्रहात हरवतात. ‘ॲ’चंही तसंच. सगळ्या ऑफिसने मिळून एकच पद्धत ठरवा आणि भिंतीवर लिहून ठेवा.

जुना संग्रह. पान लावायच्या जुन्या पेजमेकर सॉफ्टवेअरच्या फायली कपाटातल्या सीड्यांवर आहेत ना? त्या आज उघडल्या तर टोपीवाली, टिंबवाली परकी अक्षरं दिसतात. पंचवीस वर्षांचा जिल्हा त्यात आहे. धरणग्रस्तांची आंदोलनं, साखर कारखान्यांच्या निवडणुका, पूर, भूकंपाचे धक्के. सीडी खराब होते, आणि तो फाँट माहीत असलेला ऑपरेटर निवृत्त होतो. हे काम या वर्षीच करायचं आहे.

घर दुसऱ्याच्या जागेवर बांधू नका. फेसबुकने इन्स्टंट आर्टिकल्स २०१५ मध्ये आणलं, जगभरची वृत्तपत्रं त्यात शिरली, आणि २०२३ मध्ये ते बंद झालं. व्हॉट्सॲपवर, फेसबुकवर जरूर जा, पण बातमीचा मूळ पत्ता तुमच्या स्वतःच्या वेबसाइटचा असू द्या आणि वर्गणीदारांचे नंबर तुमच्या वहीत.

पैशाचं थोडक्यात. फुकट पीडीएफ वाटून आपणच वाचकाला सवय लावली, आता ती हळूहळूच मोडेल. माझी सूचना अशी की पेपर टाकणाऱ्या विक्रेत्याला बाजूला सारू नका. महिन्याच्या बिलासाठी तो प्रत्येक दारात जातो, कुणाचा मुलगा पुण्याला असतो हे त्याला ठाऊक असतं. त्या मुलाची मोबाइल वर्गणी त्यालाच आणू द्या आणि त्याचं कमिशन त्याला द्या. जाहीर नोटिसा, निविदा, वाढदिवस, श्रद्धांजली यांनाही शोधता येईल असा मजकूर आणि तारीख द्या, मग जाहिरातदाराला पुढच्या महिन्यातही तुमच्याकडे यावंसं वाटेल.

वेळ संपली. आयोजक उभे राहिलेत, म्हणजे आता चहा. ज्यांच्याकडे जुन्या सीड्या आहेत त्यांनी मला बाहेरच्या टेबलापाशी भेटा. कुठल्या फाँटमध्ये पान लागायचं, त्याचं नाव तेवढं आठवून ठेवा. आठवत नसेल तर त्या काळचा छापलेला एखादा अंक सोबत आणा, ‘क्ष’ आणि ‘ज्ञ’चं वळण बघून मी फाँट ओळखायचा प्रयत्न करतो.