शहरात ढीगभर कंपन्या, बिल्डिंगमध्ये एकच: डक्टची चावी कोणाकडे?

नमस्कार. रविवारचा व्हिडिओ बुधवारी आला, त्याबद्दल आधी माफी. आळस नव्हता. फाइल होती ४ जीबीची. माझ्या प्लॅनवर १०० एमबीपीएस लिहिलंय, त्या हिशोबानं ती साडेपाच मिनिटांत वर जायला पाहिजे. त्या रात्री अपलोड मिळत होता २ एमबीपीएस. म्हणजे साधारण साडेचार तास. तेही सलग चाललं असतं तर मी गप्प बसलो असतो, पण दर वीस मिनिटांनी नेट जाऊन राहिलं होतं आणि फाइल पुन्हा पहिल्यापासून. शेवटी लॅपटॉप पाठीवर टाकला आणि इथंच नागपुरात, धरमपेठेत मित्राकडे गेलो. तिथं तर्री-पोहे पुढ्यात येईपर्यंत फाइल गेलीसुद्धा.

आता गंमत ऐका. मित्राकडे कंपनी तीच आहे. प्लॅन तोच. महिन्याचे ७९९ रुपये, वर १८ टक्के जीएसटी, एकूण ९४२ रुपये ८२ पैसे. तोही तेवढेच भरतो, मीही तेवढेच भरतो. फरक इतकाच की तो धरमपेठेत राहतो आणि मी बेसा रोडला.

कंपनीचं नाव मी घेणार नाही. घाबरून नाही. नाव घेतलं की तुमच्यातले अर्धे म्हणतील "आमच्याकडे तं मस्त चालते", आणि ते खरंही असेल. मुद्दा कंपनीचा नाहीच आहे. कसा, ते सांगतो.

[पडद्यावर: भिंतीवरची पांढरी डबी, तिच्यावर लाल दिवा]

ही डबी ओळखीची असेल. ओएनटी म्हणतात हिला. हा दिवा, एलओएस, लाल झाला की समजायचं, तुमच्यापर्यंत उजेडच येत नाहीये. अक्षरशः उजेड, कारण फायबरमधून डेटा प्रकाशाच्या रूपात येतो. कंपनीच्या एक्स्चेंजमध्ये एक मशीन असतं, ओएलटी. तिथून निघालेला एक फायबर तुमच्या भागात येतो आणि स्प्लिटरमध्ये त्याच्या ३२ किंवा ६४ फांद्या होतात. काचेचाच खेळ आहे, त्याला वीज लागत नाही. आपल्याकडे बहुतेक ठिकाणी जीपीओएन नावाचं तंत्र आहे. त्यात ओएलटीच्या एका पोर्टमधून खाली येणारा एकूण वेग अडीच गिगाबिटच्या आसपास असतो.

करा भागाकार. अडीच गिगाबिट भागिले ६४. ३९ एमबीपीएस येतात. विकलेत प्रत्येकाला १००.

लगेच चोर-चोर ओरडू नका. ६४ घरं एकाच सेकंदाला पूर्ण वेग ओढत नाहीत, म्हणून जगभर असंच विकतात. बसमध्ये पासवाले सीटांपेक्षा जास्त असतात तसंच. पण बस रोजच भरून जात असेल तर दुसरी बस सोडायची की नाही, हा निर्णय कंपनीचा असतो. फायबरमध्ये दुसरी बस म्हणजे आणखी एक पोर्ट, किंवा ६४ ऐवजी ३२ घरं. त्याला पैसे लागतात. आणि ग्राहक कुठंच जाणार नसेल, तर ते पैसे घालायचे कशाला?

बाकी नागपूरचं ऊन आहेच. मे महिन्यात गच्चीवरून गेलेल्या वायरीचं काळं आवरण तडकतं, खारी ते कुरतडतात. आणि सिमेंट रोडचं काम निघालं की जेसीबीवाला आधी फायबर शोधून काढतो, मग रस्ता. हे धरमपेठेतही होतं. तिथं फक्त लवकर जोडलं जातं.

मागच्या महिन्यात दिवा लाल झाला, तेव्हा चौथ्या दिवशी टेक्निशियन आला. चांगला पोरगा आहे, माझा राग त्याच्यावर नाही. त्यानं उजेडाची ताकद मोजणारा पॉवर मीटर लावला, उणे २९ आलं. उणे २७ च्या पलीकडे गेलं की सहसा डबीला उजेड दिसेनासा होतो, म्हणजे कुठंतरी फायबर वाकला होता किंवा सांधा खराब होता. तो जोडत असताना मी विचारलं, "भाऊ, धरमपेठेत तुमचा माणूस चार तासांत येते, माझ्याकडे चार दिवसांनी. असं कसं?"

तो हसला. म्हणे, "तिथं दुसऱ्या कंपनीचा पोरगा खाली गेटवरच उभा राहते ना भाऊ. आम्ही नाही गेलो तं तो वायर ओढून मोकळा. तुमच्या इथं कोण येऊन राहिलं?"

एवढं सरळ उत्तर मला कस्टमर केअरवाल्यांनी दोन वर्षांत दिलं नव्हतं. त्यांचं ठरलेलं असतं: बॅक-एंडवरून इशू आहे सर, तिकीट रेज केलंय सर. मग रात्री अकराला मेसेज, "आपली तक्रार सोडवण्यात आली आहे." कोणी आलं नाही, कोणी गेलं नाही, दिवा लाल तो लालच.

तर प्रश्न हा, की माझ्या बिल्डिंगमध्ये दुसरा का येत नाही? नागपुरात कंपन्या कमी आहेत का? मनीषनगर ते मानेवाडा, कोणताही खांब बघा, वायरींचा नुसता गुंता दिसेल. मी स्वतः दुसऱ्या एका कंपनीला फोन केला. त्यांचा माणूस आला, वॉचमननं त्याला गेटवरून परत पाठवलं. "परवानगी नाही." कोणाची? सोसायटीची. का? सचिव काका म्हणाले, "अरे, ॲग्रीमेंट आहे ना."

सभासदाला सोसायटीच्या कागदांची प्रत फी भरून मागता येते. मी अर्ज केला. तीन आठवडे लागले, काका जरा फुगलेही, पण प्रत मिळाली. साडेतीन पानं. त्यात एक ओळ अशी की इमारतीच्या डक्टमधून आणि गच्चीवरून पाच वर्षं फक्त हीच कंपनी केबल टाकेल. डक्ट म्हणजे जिन्याजवळची ती उभी पोकळी, जिच्यातून सगळ्या वायरी वर जातात. आणि याच्या बदल्यात सोसायटीला काय? ऑफिसला एक फुकट कनेक्शन आणि गेटवरच्या सीसीटीव्हीला एक फुकट लाइन. पंचेचाळीस फ्लॅटांचा सौदा दोन फुकट कनेक्शनांत झाला. आणि सही कोणाची? आपल्याच माणसांची. कोणी पैसे खाल्ले असं मी म्हणत नाही. त्या वेळी बिल्डिंग नवी होती, एकच कंपनी दारात आली होती, सगळ्यांना वाटलं सीसीटीव्हीचा खर्च वाचला. मी तेव्हा भाड्यानं राहत होतो, पण सभासद असतो तर मीही टाळीच वाजवली असती.

म्हणून म्हटलं, मुद्दा कंपनीचा नाही. नागपूर शहरात मक्तेदारी नाही. ती माझ्या गेटच्या आत सुरू होते.

आता कोणी म्हणेल, मक्तेदारी तर विजेतही आहे. बरोबर, मीटर बदलून दुसऱ्या कंपनीची वीज आपण नागपुरात घेऊ शकत नाही. आठवत असेल, २०११ ते २०१९ महाल, सिव्हिल लाइन्स, गांधीबाग या विभागांचं वीजवाटप खासगी फ्रँचायझीकडे होतं. लोक चिडायचे, मोर्चे निघायचे. पण तेव्हाही युनिटचा दर फ्रँचायझीच्या मनावर नव्हता, तो राज्याचा वीज नियामक आयोग ठरवत होता. जनसुनावणी होते, ऑर्डर निघते. एकच दुकान आहे म्हणून भावावर सरकारी लगाम.

ब्रॉडबँडला तो लगाम नाही. ट्राय ही दूरसंचारची नियामक संस्था १९९७ पासून आहे, पण ब्रॉडबँडचे दर तिनं कंपन्यांवर सोडलेत. त्यामागचा विचार असा की दुकानं पुष्कळ आहेत, स्पर्धाच भाव खाली ठेवेल. धरमपेठेत ठेवतेही. पण जिथं डक्टला कुलूप आहे तिथं आयोगही नाही आणि स्पर्धाही नाही. आम्ही त्या दोघांच्या मधल्या फटीत राहून राहिलो, पंचेचाळीस कुटुंबं.

मग स्पर्धा आयोगाकडे जायचं का? २००२ च्या स्पर्धा कायद्यात कलम ४ आहे, बाजारातल्या वर्चस्वाचा गैरवापर. पण नुसतं वर्चस्व असणं गुन्हा नाही, गैरवापर दाखवावा लागतो, आणि त्याआधी बाजार कोणता हे ठरवावं लागतं. बेसा रोडची एक बिल्डिंग म्हणजे बाजार, हे दिल्लीत जाऊन पटवणं मला तरी झेपणार नाही.

अमेरिकेत हा घोळ आपल्या आधी झालाय. तिथल्या एफसीसीनं, म्हणजे त्यांच्या ट्रायनं, २००७ मध्ये केबल कंपन्यांचे बिल्डिंगींशी असलेले असले 'आम्हीच एकटे' करार बंद केले. कंपन्यांनी दुसरी वाट काढली, घरमालकाला कमाईत वाटा. मग २०२२ मध्ये त्यातल्याही काही प्रकारांवर बंदी आली. आपल्याकडे ट्रायनं ऑक्टोबर २०२४ मध्ये इमारतींना डिजिटल कनेक्टिव्हिटीसाठी तारे देण्याचे नियम काढले, हॉटेलांना असतात तसे. आमच्याकडे कोणी तारे मोजायला आलंच तर माझ्याकडे एक लाल तारा तयार आहे.

बरं, करार संपेपर्यंत काय करायचं? इथं लोक एक चूक करतात, मीही केली. फोन करत राहतात. रोज नवा फोन, रोज नवं तिकीट, आणि प्रत्येक तिकीट ताजं म्हणून कंपनीचं घड्याळ रोज शून्यावर. तसं करू नका. पहिल्या तक्रारीचा डॉकेट नंबर मागा, एसएमएसनं येतो, तो जपा. तक्रार न सोडवता बंद केली तर त्याच मेसेजचा स्क्रीनशॉट ठेवा, तारखेसकट.

त्यानंतर अपील. ट्रायच्या २०१२ च्या नियमांप्रमाणे कंपनीला अपिलीय प्राधिकारी ठेवावा लागतो. नाव भारी आहे, पण अर्ज साधा ईमेलनं जातो आणि फी नाही. तक्रार सोडवायची मुदत संपल्यापासून ३० दिवसांत अपील करायचं, त्यांनी ३९ दिवसांत निकाल द्यायचा. कस्टमर केअरवाला याबद्दल आपणहून कधीच सांगत नाही. मी विचारलं तर म्हणे, "तसं काही नसतं सर." कंपनीच्या वेबसाइटवर अगदी खाली, बारीक अक्षरांत पत्ता सापडला. आणि थेट ट्रायला पत्र लिहू नका, ट्राय एकेकट्या ग्राहकाची तक्रार चालवत नाही. अर्धं नागपूर तिथंच अडकतं.

अपिलात "नेट स्लो आहे" असं लिहू नका. त्यावर ते वायफायकडे बोट दाखवतील, भिंती जाड आहेत म्हणतील. लॅपटॉपला लॅन केबल लावा, रात्री नऊ ते अकरामध्ये मोजा, आठ-दहा दिवसांचे आकडे लिहा. आणि एकाच स्पीड टेस्टवर विसंबू नका. बऱ्याचदा टेस्टचा सर्व्हर त्याच कंपनीच्या नेटवर्कच्या आत असतो. आतल्या आत ९८ दिसतात, आणि व्हिडिओ बघायला जावं तर चकरी फिरत राहते. सर्व्हर बदलून दुसऱ्या कंपनीचा निवडा. माझ्याकडे ९८ चे एका झटक्यात ११ झाले.

बिघाड कामाच्या तीन दिवसांहून लांबला तर भाड्यात सूट द्यायची, हे तत्त्व ट्रायच्या २००६ च्या दर्जाच्या नियमांपासून आहे. दर्जाचे नवे नियम १ ऑक्टोबर २०२४ पासून लागू झालेत. अपिलात सूट मागा. मागितल्याशिवाय ती बिलात दिसत नाही, निदान माझ्या तरी दिसली नाही.

आणि तिथंही ढिम्म हालचाल झाली नाही तर ग्राहक आयोग. मला फोनवर ठणकावून सांगण्यात आलं की टेलिकॉमच्या तक्रारी तिथं चालत नाहीत. ही जुनी पुडी आहे. २००९ च्या सर्वोच्च न्यायालयाच्या एका निकालाचा आधार घेऊन कंपन्या म्हणायच्या की १८८५ च्या टेलिग्राफ कायद्याप्रमाणे लवादाकडे जा. फेब्रुवारी २०२२ मध्ये व्होडाफोन आयडियाच्या प्रकरणात त्याच न्यायालयानं स्पष्ट केलं की ग्राहक आयोगाची वाट मोकळी आहे. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यानं तर तुम्ही राहता तिथल्या जिल्हा आयोगातच तक्रार करता येते, कंपनीचं हेडऑफिस कुठंही असो. ५ लाखांपर्यंतच्या व्यवहाराला फी नाही. मुदत दोन वर्षं. त्याआधी १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर नोंद करून बघा, कधीकधी तेवढ्यानंच कंपनीला जाग येते.

माझं अपील गेलंय. आज अकरावा दिवस.

सोसायटीचं म्हणाल तर वार्षिक सभा ३० सप्टेंबरच्या आत घ्यावीच लागते, आमची पुढच्या रविवारी आहे. विषय मी लेखी दिलाय: करार वाढवू नये, डक्ट जो येईल त्याला सारख्या अटींवर खुला करावा, आणि वायरींचा गुंता नको म्हणून प्रत्येकाकडून मजल्यावार आराखडा घ्यावा. शेवटची अट तिसऱ्या मजल्यावरच्या काकूंची. त्या म्हणाल्या, "चार कंपन्या आण, पण माझ्या खिडकीसमोर वायर लटकली तं मीच कापीन." सचिव काकांनी विषय क्रमांक ९ ला टाकलाय, लिफ्टच्या रंगानंतर आणि चहापानाच्या आधी. नऊवर येईपर्यंत निम्मे लोक घरी जातात, हे काकांना माहीत आहे आणि मलाही. म्हणून यंदाचे समोसे माझ्याकडून, आणि ते विषय दहाच्या आधी उघडणार नाहीत.

हा व्हिडिओसुद्धा धरमपेठेतूनच चढवून राहिलो. मित्राची बायको विचारत होती, भाडं कधीपासून देणार म्हणून.