व्हायरल लोडचा आकडा कसा वाचायचा

श्रोतेहो, नमस्कार.

हिपॅटायटिस बीचा रिपोर्ट हातात आला की नजर आधी जाते व्हायरल लोडवर, म्हणजे रक्तात किती विषाणू आहेत त्या आकड्यावर. पंचविशीतल्या एखाद्या मुलाचा आकडा मिलीलीटरमागे दहा कोटी असतो. घरचे हादरतात. डॉक्टर मात्र म्हणतात, "एसजीपीटी, म्हणजे लिव्हरला इजा होतेय का हे दाखवणारी रक्ततपासणी, नॉर्मल आहे, लिव्हर मऊ आहे, सध्या गोळी नको, सहा महिन्यांनी या." शेजारच्या बाकावरच्या पन्नाशीच्या काकांचा आकडा जेमतेम वीस हजार, आणि त्यांची गोळी आजपासून सुरू! असं का?

हा विषाणू लिव्हरच्या पेशी स्वतः फारशा मारत नाही. विषाणू शिरलेल्या पेशींवर आपलीच प्रतिकारशक्ती तुटून पडते, आणि इजा होते ती त्यामुळे. जन्मावेळी आईकडून लागण झाली असेल तर ही प्रतिकारशक्ती पुढे कितीतरी वर्षं गप्प राहते. विषाणू अमाप वाढतो, लिव्हर मात्र जवळजवळ धड असतं. तिशीच्या आसपास, कधी आधी, कधी नंतर, ती जागी होते. तिथून पुढे आकडा चढाच राहिला तर मात्र जपायला हवं.

हे ठळकपणे दिसलं तैवानमध्ये. तिथे १९९१-९२ पासून तीस ते पासष्ट वर्षांच्या साडेतीन हजारांहून अधिक बाधितांवर सरासरी अकरा वर्षं लक्ष ठेवलं गेलं. निष्कर्ष २००६ साली आले. सुरुवातीला मिलीलीटरमागे ३०० पेक्षा कमी विषाणू असलेल्यांत लिव्हर सिऱ्होसिसचं, म्हणजे लिव्हर व्रणांनी कडक होण्याचं, प्रमाण ४.५ टक्के निघालं, दहा लाख किंवा त्याहून जास्त असलेल्यांत ३६.२ टक्के. लिव्हरच्या कॅन्सरचं १.३ वरून १४.९ टक्क्यांवर गेलं. आणि यातल्या बहुतेकांचं एसजीपीटी सुरुवातीला नॉर्मल होतं! म्हणून चाळिशीनंतर "एसजीपीटी नॉर्मल आहे ना, मग झालं" हे मला पटत नाही.

थोडक्यात, आज लिव्हर किती बिघडलंय हे आकडा सांगत नाही. त्यासाठी लिव्हरचा कडकपणा मोजणारा फायब्रोस्कॅन, सोनोग्राफी आहे. पुढचा धोका मात्र तो सांगतो, तोही वय लक्षात घेतलं तरच. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२४ च्या सूचनांनुसार मिलीलीटरमागे २,००० युनिटच्या वर आकडा आणि सोबत वाढलेलं एसजीपीटी असेल तर उपचार करावेत. सिऱ्होसिस झाला असेल तर आकडा कितीही असो, गोळी हवीच. एक बारकी गोष्ट: तैवानचे आकडे 'कॉपीज'मध्ये, म्हणजे विषाणूच्या प्रतींमध्ये, आहेत, आणि एक युनिट म्हणजे साधारण पाच कॉपीज. दोन रिपोर्ट ताडून बघताना एकक बघा, नाहीतर उगाच घाबराल.

गळ्यात माळ घालून कावीळ उतरवणाऱ्यांकडे जाऊन हा आकडा उतरत नाही. टेनोफोविर, एन्टेकाविर या गोळ्यांनी तो उतरतो, आणि राष्ट्रीय व्हायरल हिपॅटायटिस नियंत्रण कार्यक्रमात २०१८ पासून सरकारी केंद्रांत तपासणी आणि औषधं मोफत आहेत. आकडा शून्यावर आला म्हणून गोळी मनाने बंद करू नका. विषाणू पेशीत दडून असतो, औषध थांबलं की उसळतो, आणि अशा उसळीत लिव्हर फेल झालेले रुग्ण आम्ही पाहतो.