ड्रेमंड ग्रीनची किंमत किती? एका न खेळलेल्या मॅचची गोष्ट

(पडद्यावर : ओकलंड, संध्याकाळ. कोलिझियम स्टेशनवर बार्ट, म्हणजे तिकडची लोकल ट्रेन, थांबते, निळ्या-पिवळ्या जर्सीतली गर्दी पुलावरून चालत निघते.)

13 जून 2016. कॅलिफोर्नियातलं ओकलंड. स्टेशनला लागूनच एक पादचारी पूल आहे, तो उतरलात की समोर दोन मोठ्या इमारती दिसतात, एकमेकींना अगदी खेटून. एक बेसबॉलचं स्टेडियम आणि दुसरं ओरॅकल अरीना, म्हणजे गोल्डन स्टेट वॉरियर्सचं घर. त्या संध्याकाळी अरीनात एनबीए, म्हणजे अमेरिकेतल्या बास्केटबॉल लीगच्या, फायनलची पाचवी मॅच आहे. सातपैकी चार जो आधी जिंकेल तो चॅम्पियन. वॉरियर्स 3-1 ने पुढे आहेत, ही जिंकली की संपलं, सलग दुसरं विजेतेपद. आणि त्यांच्या टीमचा एक मेन प्लेयर त्या अरीनात नाहीये, तो शेजारच्या बेसबॉल स्टेडियममध्ये वरच्या एका खोलीत बसून टीव्हीवर आपल्याच टीमची मॅच बघतोय. कारण त्याला एका मॅचसाठी सस्पेंड केलंय आणि सस्पेंड झालेल्या प्लेयरला अरीनात पाय ठेवता येत नाही. टीमचे जनरल मॅनेजर बॉब मायर्स त्याच्यासोबत बसलेत, म्हणजे जिंकलो तर दोघांनी पळत जाऊन सेलिब्रेशनला पोचायचं.

पळत जायची वेळ आलीच नाही. समोरच्या क्लीव्हलँडने 112-97 ने मॅच मारली. त्यांच्या लेब्रॉन जेम्सचे 41 पॉइंट्स, कायरी अर्व्हिंगचे पण 41. फायनलच्या एकाच मॅचमध्ये एकाच टीमच्या दोघांनी चाळीसच्या वर जायची ती पहिलीच वेळ. मग क्लीव्हलँडने सहावी जिंकली, सातवीही जिंकली. 3-1 ने मागे पडून फायनल जिंकणारी इतिहासातली पहिली टीम.

त्या खोलीत बसलेला माणूस म्हणजे ड्रेमंड ग्रीन, आणि त्याच्यावरून फॅन लोकांमध्ये जो वाद चालू आहे तो आज इतक्या वर्षांनी पण मिटलेला नाही.

आमच्या घरात तर अजिबात नाही. माझा आतेभाऊ, आम्ही त्याला दादाच म्हणतो, फ्रीमाँटला राहतो, ओकलंडपासून जवळच. मी नाशिकला. आमच्याकडे फायनल सकाळी साडेसहाला लागते, तेव्हा एका हातात चहा आणि एका हातात फोन, असं आमचं वर्षानुवर्षं चाललंय. त्या सकाळी मॅच संपल्यावर दादाचा व्हॉइस मेसेज आला, चिडलेला, की या माणसाने एका फटक्यात ट्रॉफी घालवली. आणि मी त्याला लिहिलं, दादा, तो नव्हता म्हणून हरलो, मग सांग त्याची किंमत किती.

बघा, मॅच एकच आणि तीच दोघांचा पुरावा.

आता मागे जाऊ थोडं, कारण हा माणूस कुठून आला ते कळल्याशिवाय भांडण कळत नाही.

मिशिगनमधलं सॅगिनॉ हे त्याचं गाव. कॉलेज मिशिगन स्टेट, कोच टॉम इझो, पूर्ण चार वर्षं तिथे. 2012 च्या ड्राफ्टमध्ये, म्हणजे टीम्स पाळीपाळीने नवे प्लेयर निवडतात तेव्हा, त्याच्या आधी 34 जणांची नावं पुकारली गेली. वॉरियर्सनी स्वतः सातव्या नंबरवर हॅरिसन बार्न्सला घेतलं, तिसाव्यावर फेस्टस एझिलीला, आणि मग पस्तिसाव्यावर याला. कारण सरळ होतं, हा कुठल्या जागेवर खेळणार हेच कुणाला कळत नव्हतं. उंची 6 फूट 6 इंच. बास्केटखाली खेळणाऱ्या सात फुटी सेंटर लोकांसमोर बुटका, आणि बाहेरून शूटिंग करणाऱ्यांच्या मानाने शूटिंग काही खास नाही.

2014 मध्ये स्टीव्ह कर कोच म्हणून आले, सीझन सुरू व्हायच्या तोंडावर त्याच जागेवर खेळणाऱ्या डेव्हिड लीच्या मांडीचा स्नायू दुखावला, आणि ग्रीन सुरुवातीच्या पाचात आला. तो परत बाहेर गेलाच नाही. त्याच सीझनला, 2015 च्या जूनमध्ये, वॉरियर्स चॅम्पियन झाले, 40 वर्षांनी.

(पडद्यावर : एक खेळी, संथ गतीने.)

आता हे जरा नीट बघा, कारण माझं सगळं म्हणणं या एका खेळीत आहे.

टीमचा स्टार शूटर स्टेफ करी मधोमध बॉल घेऊन उभा आहे. ग्रीन पळत येतो आणि करीला अडवणाऱ्या माणसाच्या वाटेत भिंतीसारखा उभा राहतो, याला स्क्रीन लावणं म्हणतात. करी त्या भिंतीला घासून बाहेर पडतो. आता समोरच्या टीमला भीती कशाची, तर करीला अर्धा सेकंद मोकळा मिळाला तरी तो तिथूनच थ्री, म्हणजे लांबून तीन पॉइंट्सचा शॉट, मारेल, म्हणून त्याचा माणूस आणि ग्रीनचा माणूस दोघंही करीवर धावून जातात. करी दोघांच्या डोक्यावरून बॉल ग्रीनकडे टाकतो आणि ग्रीन बास्केटसमोरच्या फ्री थ्रो लाइनपाशी बॉल पकडतो. इथे थांबा. दोन माणसं करीपाशी अडकलीत, म्हणजे ग्रीनच्या पुढे आता चार विरुद्ध तीन. बास्केटखाली त्यांचा सेंटर एकटा. तो ग्रीनवर आला तर बॉल त्याच्या डोक्यावरून मागे बास्केटपाशी, नाही आला तर ग्रीन सरळ आत घुसणार, आणि कोपऱ्यात उभ्या असलेल्या टीमच्या दुसऱ्या शूटरला, क्ले थॉम्पसनला, सोडून कुणी मदतीला आला तर बॉल कोपऱ्यात. हा सगळा हिशोब ग्रीन धावता धावता करतो आणि बॉल हातात एक सेकंदपण ठेवत नाही.

समजा बॉल कोपऱ्यात गेला आणि थ्री पडला. यातून क्लेला तीन पॉइंट्स मिळाले, ग्रीनला एक असिस्ट (ज्या पासवर बास्केट होते तो) मिळाला, आणि करीच्या नावावर कागदावर काहीच लागलं नाही. आणि कधी कधी ग्रीनचा पास ज्याला जातो तो पुढे अजून एकाला देतो, मग ग्रीनच्या नावावर पण काही नाही. पण चार विरुद्ध तीन झालं ते करीच्या भीतीमुळे, आणि त्या भीतीचं बास्केटमध्ये रूपांतर झालं ते ग्रीनच्या डोक्यामुळे. आता यातलं कुणाचं किती, वाटणी करून दाखवा.

फॅन लोक नेमकी तीच वाटणी करायला बसतात.

एक गट म्हणतो, करी बाजूला असला तर कुणीही ग्रीन होईल. आणि त्यांच्याकडे दाखवायला 2019-20 चा सीझन आहे. क्लेचा गुडघा गेलेला, तो पूर्ण वर्ष बाहेर. करीचा हात मोडला, तो फक्त 5 मॅच खेळला. ग्रीन मात्र 43 मॅच खेळला. टीम 15 जिंकली आणि 50 हरली, लीगमध्ये सगळ्यात खाली. दादा हे आकडे मला कितीदा ऐकवतो. जो खरंच मोठा प्लेयर असतो तो पडकी टीमसुद्धा थोडी वर ओढतो, हे त्याचं म्हणणं, आणि ते मला चूक वाटत नाही. चार्ल्स बार्कलीसारखा जुना दिग्गज टीव्हीवर ग्रीनच्या आकड्यांची थट्टा करायचा ती यावरूनच, की पॉइंट्स, रिबाउंड (चुकलेला शॉट पकडणं), असिस्ट, तिन्हीत एक आकडी.

दुसरा गट 2015-16 काढतो. 73 जिंकल्या, 9 हरल्या, एका सीझनमध्ये इतक्या मॅच आजपर्यंत दुसऱ्या कुणी जिंकलेल्या नाहीत. त्या वर्षी एमव्हीपी, म्हणजे लीगमधला सर्वोत्तम प्लेयर, करी, त्याबद्दल वाद नाही. पण त्या टीममध्ये सगळ्यात जास्त असिस्ट देणारा करी नव्हता, ग्रीन होता. सरासरी 14 पॉइंट्स, 9.5 रिबाउंड, 7.4 असिस्ट.

आणि 2021-22 पण बघा. 9 जानेवारी 2022 ला क्ले अडीच वर्षांनी कोर्टवर परत येणार होता. ग्रीन त्या दिवशी जखमी होता, तरी क्लेच्या बाजूला उभं राहायचं म्हणून तो सुरुवातीच्या पाचात उतरला, मुद्दाम फाऊल केला आणि 7 सेकंदांत बाहेर गेला. त्यानंतर पाठीच्या दुखण्याने मार्चपर्यंत बाहेरच. टीम तोवर लीगमध्ये अगदी वर होती, पण मग डिफेन्स सैल पडत गेला, मार्चमध्ये करीचा पाय दुखावला, आणि सीझन संपला तेव्हा टीम वेस्टर्न कॉन्फरन्समध्ये, म्हणजे लीगच्या पश्चिमेकडच्या अर्ध्या भागात, तिसरी. प्लेऑफपर्यंत, म्हणजे सीझननंतरच्या बाद फेऱ्यांपर्यंत, दोघंही परत आले आणि जूनमध्ये पुन्हा चॅम्पियन.

मला विचाराल तर त्याची खरी किंमत डिफेन्समध्ये आहे, आणि तिथे तर मोजायला अजूनच कमी हाताला लागतं. समोरून गार्ड बॉल घेऊन आत घुसतोय, बास्केटखाली त्यांचा उंच माणूस लॉबची, म्हणजे वरून टाकलेल्या पासची, वाट बघतोय, आणि मध्ये ग्रीन एकटा. तो दोघांच्या बरोबर मधे उभा राहतो, एक हात वर, एक पाय पुढे, आणि गार्डला शेवटपर्यंत कळू देत नाही की हा कुणावर जाणार. गार्ड गोंधळतो, बॉल मागे बाहेर देतो. स्कोअर शीटवर काय लिहिणार? काहीच नाही. कधीतरी मात्र शीटला पण लिहावं लागतं. 10 फेब्रुवारी 2017, मेम्फिस. ग्रीनचे पॉइंट्स फक्त 4. पण 12 रिबाउंड, 10 असिस्ट, 10 स्टील (हिसकावलेले बॉल), वर 5 ब्लॉक (अडवलेले शॉट). पॉइंट्स दोन आकडी नसताना ट्रिपल डबल, म्हणजे तीन गोष्टींत दोन आकडी, करणारा एनबीएच्या इतिहासातला तो पहिलाच. त्याच वर्षी डिफेन्सिव्ह प्लेयर ऑफ द इयर पण झाला.

आता दुसरी बाजू. ती मी झाकणार नाही, कारण ती झाकली तर वादच खोटा होतो.

2016 च्या त्या सस्पेन्शनकडेच बघा. ते एका मॅचमधल्या एका चुकीचं नव्हतं. प्लेऑफमध्ये प्रत्येक फ्लॅग्रंट, म्हणजे गंभीर धसमुसळ्या, फाऊलचे शिक्षेचे पॉइंट्स साठत जातात, चार झाले की एक मॅच बाहेर. त्याआधीच्या राउंडमध्ये ओक्लाहोमाच्या स्टीव्हन अॅडम्सला लाथ मारून त्याने दोन घेतले होते, त्याच्या आधीचा एक धरून खात्यात तीन होते. हे त्याला माहीत होतं. माहीत असताना फायनलच्या चौथ्या मॅचमध्ये, टीम जिंकत असताना, लेब्रॉन त्याच्या अंगावरून ओलांडून गेला आणि याचा हात लेब्रॉनवर गेला, तो चौथा पॉइंट. मला आजही त्या क्षणाचं वाईट वाटतं. मात्र एक गोष्ट दादापण विसरतो, त्या पाचव्या मॅचमध्ये वॉरियर्सचा सेंटर अँड्र्यू बोगटचा गुडघा गेला आणि तो उरलेली सिरीज खेळला नाही, म्हणजे ट्रॉफी गेली ती एकट्या ग्रीनमुळे असं म्हणणं पण पुरतं खरं नाही. आणि सातव्या मॅचमध्ये ग्रीनने काय केलं? 32 पॉइंट्स, 15 रिबाउंड, 9 असिस्ट, आठपैकी सहा थ्री. वॉरियर्सकडून सगळ्यात जास्त पॉइंट्स त्याचे होते. मॅच 93-89 ने गेली.

पुढची यादी सगळ्यांना पाठ आहे. 2018 च्या नोव्हेंबरमध्ये आपल्याच टीमचा स्टार केव्हिन ड्युरँटशी भर मॅचमध्ये भांडण, टीमनेच एका मॅचला बसवलं, पुढच्या उन्हाळ्यात ड्युरँट गेला. 2022 च्या ऑक्टोबरमध्ये प्रॅक्टिसला स्वतःच्याच टीममधल्या जॉर्डन पूलला ठोसा. त्याचा व्हिडिओ बाहेर आला तेव्हा मी पूर्ण बघू शकलो नाही. पूल तेव्हा 23 वर्षांचा होता, चार महिन्यांपूर्वी याच्याच बरोबरीने ट्रॉफी उचलली होती. पुढच्या उन्हाळ्यात पूलला वॉशिंग्टनला पाठवलं, आणि ग्रीनला चार वर्षांचं 10 कोटी डॉलरचं कॉन्ट्रॅक्ट मिळालं. त्या सीझनला त्याची सरासरी 8.5 पॉइंट्स होती. दादाचा त्या दिवशी मेसेजच आला नाही, सरळ फोन आला. तो म्हणाला, ज्या टीममध्ये मारणारा राहतो आणि मार खाणारा जातो त्या टीमकडून माझा पोरगा काय शिकणार? याला माझ्याकडे उत्तर नव्हतं, आजही नाहीये.

आणि कॉन्ट्रॅक्टनंतर पाच महिनेपण झाले नव्हते तर समोरच्या टीमच्या रुडी गोबेअरची मान आवळली, 5 मॅच बाहेर. डिसेंबरमध्ये आणखी एका विरोधी प्लेयरच्या, युसुफ नुर्किचच्या, तोंडावर हात, आता आधी बेमुदत, शेवटी 12 मॅच बाहेर. टीम वेस्टर्न कॉन्फरन्समध्ये दहावी आली आणि प्लेऑफ गाठण्यासाठीच्या प्ले-इन मॅचमध्ये हरली. कोर्टवर नसलेल्या माणसाचा डिफेन्स कुणाच्या कामाचा नसतो, इथे मी दादाशी शंभर टक्के सहमत आहे.

पण वाटणीबद्दल मी माझ्या मतावर ठाम आहे. 15-50 चा सीझन एवढंच सांगतो की ग्रीन एकट्याने टीम उभी करू शकत नाही. तो करीसारखा आहे असं कुणी म्हणतच नाहीये. प्रश्न हा आहे की करी, क्ले आणि कर यांच्या हाताशी ग्रीन नसता तर 2015, 2017, 2018, 2022 या चार ट्रॉफी आल्या असत्या का, आणि मला त्यातली एकपण दिसत नाही. 2022 च्या फायनलमध्ये बॉस्टनला चौथ्या मॅचला तो इतका वाईट खेळत होता की करनी त्याला शेवटच्या क्वार्टरमध्ये काही वेळ बाहेर बसवलं, करीने 43 मारले आणि मॅच वाचवली. सगळीकडे एकच, ग्रीन संपला. सहा दिवसांनी त्याच कोर्टवर सहावी मॅच, ग्रीनचे 12 पॉइंट्स, 12 रिबाउंड, 8 असिस्ट, आणि ट्रॉफी.

(पडद्यावर : सॅन फ्रान्सिस्को, चेस सेंटरबाहेरची रांग.)

वॉरियर्स 2019 मध्ये खाडी ओलांडून सॅन फ्रान्सिस्कोला गेले. मध्यंतरी दादा मुलाला घेऊन तिकडे मॅचला निघाला होता. मी म्हटलं, माझं एक ऐक, एक क्वार्टर बॉलकडे बघूच नकोस, फक्त 23 नंबरकडे, ग्रीनकडे बघ. तो बरं म्हणाला.

दुसऱ्या दिवशी फोन आला. म्हणाला, अरे तो सतत बोलत असतो, टीव्हीवर हे कळतच नाही. समोरच्यांची खेळी सुरू व्हायच्या आधीच हा हात करून आपल्या माणसाला दाखवतो की तू तिकडे जा, आणि बॉल खरंच तिकडे येतो. आमचा पोरगा तर त्याचीच नक्कल करत घरी आला.

मग जरा थांबून म्हणाला, पूलच्या वेळीच त्याला काढायला पाहिजे होता, हे माझं मत आहे तसंच आहे हां. मी म्हटलं, ठीक आहे दादा.

पुढच्या मॅचची तिकिटं त्याने कोर्टच्या आणखी जवळची काढली आहेत, वॉरियर्स ज्या बाजूला डिफेन्सला उभे असतात तिकडची.