मस्त शे भो! पण सेटिंग काय होती?

रविवार, सकाळचे साडेसात. जळगावात मेहरूण तलावाजवळची चहाची टपरी. आम्ही सात-आठ जण दर रविवारी इथं जमतो, कोणाकडे डीएसएलआर, कोणाकडे सेकंडहँड मिररलेस, दोघांकडे नुसता मोबाईल. कचोरीच्या प्लेटा बाजूला सरकवून टेबलाच्या मधोमध एक टॅब ठेवायचा, त्याच्यावर आज ज्याचा नंबर त्याचा फोटो. आणि फोटो उघडल्याबरोबर पहिलं वाक्य ठरलेलं, "मस्त शे भो!"

ह्या वाक्याबद्दल माझी काही तक्रार नाही हं, त्यात प्रेम असतं. पण घरी गेल्यावर त्याचं करायचं काय? आणि ज्याला फोटो आवडला नाही तो म्हणणार, "थोडं डार्क वाटतंय." त्याचं तरी काय करायचं? चार वर्षं आमचं हेच चाललं होतं, मग हा घोड्याचा फोटो आला.

सारंगखेडा तुम्हाला माहीत असेल. नंदुरबार जिल्ह्यात, शहादा तालुक्यात, तापीच्या काठावर. दत्तजयंतीला एकमुखी दत्ताची यात्रा भरते आणि त्याच्यासोबत घोडेबाजार. आमच्यातला सगळ्यात लहान पोरगा पहाटेच्या गाडीनं तिथं गेला आणि धावत्या घोड्याचा हा फोटो घेऊन आला. बघा तुम्हीच. घोडा पुसट, स्वार पुसट, मागचे तंबू पण पुसट.

सगळे एका सुरात, "अरे शटर वाढव ना, हजारावर ने!" मी पण म्हणालो, खोटं कशाला बोलू. पोरगं मान हलवत होतं, हो दादा, हो काका, बरोबर आहे. आप्पा तेवढे गप्प होते. आप्पांचा रोलच्या जमान्यातला स्टुडिओ होता, आता नातवंडं सांभाळतात. त्यांनी चहा संपवला आणि विचारलं, "तुले काय दखाडनं व्हतं रे?" म्हणजे तुला काय दाखवायचं होतं?

पोरगं म्हणे, आप्पा, मला घोडा शार्प पाहिजे होता आणि मागचे तंबू वाहून गेल्यासारखे, वेग दिसायला पाहिजे म्हणून.

घ्या! म्हणजे ह्याला पॅनिंग करायचं होतं, घोड्याबरोबर कॅमेरा फिरवत फोटो काढायचा, आणि आम्ही सहा जणांनी मिळून त्याला 1/1000 सांगितलं, शटर सेकंदाचा हजारावा भागच उघडं, म्हणजे घोडा हवेत गोठलेला आणि तंबूच्या दोऱ्यासुद्धा मोजता येतील असा फोटो. त्याला पाहिजे होतं त्याच्या नेमकं उलटं. सल्ला चुकीचा नव्हता बरं का, तो दुसऱ्याच फोटोसाठी होता.

मग सेटिंग बघितली. शटर 1/15, अ‍ॅपर्चर म्हणजे लेन्सचं छिद्र एफ 11 (आकडा मोठा तितकं छिद्र लहान), आयएसओ म्हणजे उजेडाला कॅमेरा किती संवेदनशील तो आकडा 100, लेन्स 200 एमएमवर म्हणजे लांबचं जवळ ओढलेलं, फोकस सिंगल म्हणजे एकदा धरला की तिथंच. आता बोलायला काहीतरी हातात आलं. सकाळच्या कोवळ्या उन्हात एफ 11 न् आयएसओ 100 ठीकच आहे, स्लो शटर मिळवायचं तर तेच करावं लागतं. पण 200 एमएमवर 1/15 म्हणजे हात डावी-उजवीकडे फिरतोच, वर-खाली पण हलतो, आणि ते वर-खालीच सगळं घालवतं. आधी 1/60 वर ये, हात बसला की खाली उतर. फोकस कंटिन्युअसला टाक, घोडा अंतर बदलतोय ना. पाय जिथं घोडा शेवटी जाणार त्या दिशेला रोवून उभा राहा आणि कमरेतून वळ, आणि क्लिक झाल्यावर थांबू नको, वळत राहा, बॅट्समनचा फॉलो थ्रू असतो ना तसं. घोड्याचे पाय तरीही पुसटच येणार, ते वर-खाली होतात, त्याची काळजी नको, डोळा आणि मान शार्प आली की झालं. तीस फोटोत दोन जमले तरी खूप.

दहा मिनिटं बोललो त्या एका फोटोवर. आधी अर्ध्या मिनिटात संपला असता.

दुसरा फोटो माझाच. रावेरकडची केळीची बाग, दुपारी साडेअकरा. केळीच्या बागेत तुम्ही कधी शिरला असाल तर बाहेर ऊन कितीही असू द्या, आत सगळं अंधारं आणि हिरवं असतं, माणसाच्या गालावरसुद्धा पानांचा हिरवा रंग चढतो. एक भाऊ खांद्यावर घड घेऊन बाहेर येतायत. फोटोत दाणेच दाणे, सावलीत तर रवा सांडल्यासारखे. मी मनात कॅमेऱ्याला शिव्या देऊन मोकळा, सेन्सर जुना झाला, नवीन बॉडी घ्यायला पाहिजे, बायकोला कसं सांगायचं इथपर्यंत विचार गेला होता.

सेटिंग वाचून दाखवली, 1/2000, एफ 6.3, आयएसओ 6400. आप्पा हसायला लागले. चालत्या माणसाला 1/2000 कशाला? आणि मग मला आठवलं, आदल्या दिवशी हतनूर धरणावर पक्षी काढायला गेलो होतो, उडत्या बदकांसाठी शटर 1/2000 ला लावलं ते तिथंच राहिलं आणि आयएसओ ऑटोवर होता, त्यानं बिचाऱ्यानं अंधार बघून आपला आकडा वर नेला. 1/250 केलं असतं तर तीन स्टॉपचा फायदा, म्हणजे तीनदा दुप्पट उजेड, तोच उजेड आयएसओ 800 मध्ये मिळाला असता. नवीन बॉडीचे पैसे वाचले.

पण खरी पंचाईत पुढं होती. मला विचारलं, चेहरा दाखवायचा होता की बाहेरच्या उन्हासमोर नुसती आकृती? मी गप्प. मला माहीतच नव्हतं, म्हणून तर चेहरा धड दिसतही नाही आणि धड काळाही नाही असा मधलाच आलाय. हे उत्तर कुठल्या आकड्यात सापडत नाही.

केकी मूस आठवतात अशा वेळी. आपले चाळीसगावचे फोटोग्राफर, 1912 ते 1989. स्टेशनजवळच्या त्या घरातून वर्षानुवर्षं बाहेर न पडता काम करणारा माणूस. त्यांची टेबलटॉप फोटोग्राफी म्हणजे टेबलावर छोटा देखावा मांडायचा, प्रकाश पाहिजे तसा पाडायचा आणि मग फोटो. तिथं काय दाखवायचं हे आधी ठरल्याशिवाय पहिली वस्तूसुद्धा ठेवता येत नाही. आपण बागेत, यात्रेत फोटो काढतो तेव्हा सगळं आयतं मांडलेलं असतं, त्यामुळे ठरवायचं राहूनच जातं.

बरं, याच्या उलटी जमात पण आहे. काही जण नुसते आकडे सांगतात, एफ 1.4, 85 एमएम, फुल फ्रेम, झालं. अरे पण का? वांगी किती रुपये किलोनं आणली ते सांगितलं आणि भरीत झणझणीत पाहिजे होतं की साधं ते सांगितलंच नाही, मग खाणारा काय बोलणार. भरतावरून आठवलं, थंडीत शेतात कपाशीच्या काड्यांवर वांगी भाजतानाचा एक फोटो आला होता, जाळ फिका, थंड. पाहिजे होती ऊब, आणि व्हाइट बॅलन्स, म्हणजे फोटोतला रंग उबदार की थंड ते ठरवणारी सेटिंग, ऑटोवर. ऑटोनं जाळाचा नारिंगी रंग दोष समजून कमी करून टाकला.

आता आकडे लक्षात कोण ठेवणार? ठेवायची गरजच नाही. 1995 मध्ये एक्झिफ नावाचं स्टँडर्ड आलं, तेव्हापासून फोटोच्या फाइलमध्येच शटर, अ‍ॅपर्चर, आयएसओ, फोकल लेंथ लिहून ठेवायची सोय आहे. मोबाईलच्या गॅलरीत फोटोचे डिटेल्स उघडले की दिसतं. फक्त व्हॉट्सअ‍ॅपवर साधा फोटो म्हणून पाठवला की फाइल दाबली जाते आणि ही माहिती गळून पडते, म्हणून डॉक्युमेंट म्हणून पाठवा. आणि जीपीएस चालू असेल तर जागा पण त्यात असते, तेव्हा पक्ष्याचं घरटं किंवा स्वतःच्या घरातला फोटो असेल तर लोकेशन आधी काढून टाका.

आप्पांकडे एक्झिफ नव्हतं. त्यांच्याकडे ही वही आहे. छत्तीस फोटोंचा रोल, छत्तीस ओळी, शटर, अ‍ॅपर्चर, आणि शेवटच्या रकान्यात दोन-तीन शब्द. ही ओळ बघा, शाई फिकी पडलीय, "1/60, एफ 5.6, आईचे हात." फोटो आईचा आहे, पूर्ण. पण त्यांना हात पाहिजे होते, आणि फोकस नाकावर गेला, ते पुढं लाल पेननं लिहिलंय.

मागच्या आठवड्यात पोरानं फोटो पाठवला, डॉक्युमेंट म्हणून. पुढच्या दत्तजयंतीपर्यंत घोडा मिळणार नाही, म्हणून तलावाच्या रस्त्यावर सायकलवाल्यांवर हात बसवतोय. खाली लिहिलं होतं, "1/40, एफ 11, 100, 85 एमएम. काका शार्प पाहिजे होते, मागची भिंत वाहती. काका आले, पण टोपी का हलली समजत नाही."

आप्पांनी टॅब जवळ ओढला, दोन बोटांनी टोपी मोठी केली, आणि म्हणाले, "माझा चष्मा दे."