"ह्यात सूर्य खंय आसा?"

नमस्कार मंडळी, मागे ऐकू येतंय ना? बरं. मी बरीच वर्षं फिल्मच्या जमान्यात कॅमेरा असिस्टंट होतो, मॅगझिन, म्हणजे कॅमेऱ्याला लावायचे फिल्मचे डबे, लोड करायची, टेप लावून फोकसचं अंतर मोजायचं, हेच काम. पण आज बोलायचंय ते डोळ्याबद्दल.

शिकत होतो तेव्हा पहिल्यांदा स्वतःचा स्टिल कॅमेरा हातात आला, आणि मालवणच्या धक्क्यावर जाऊन मी सूर्यास्त काढला. एवढा मोठा लालभडक गोळा पाण्याला टेकलेला. प्रिंट आली, आजीला दाखवली, तर ती म्हणाली, "अरे, ह्यात सूर्य खंय आसा?" होता हो, पण तांदळाच्या कणीएवढा.

बघा, आकाशात सूर्य फक्त अर्धा अंश जागा घेतो, दुपारी डोक्यावर असतो तेव्हाही तेवढीच आणि समुद्राला टेकतो तेव्हाही साधारण तेवढीच. 50 एमएमची लेन्स असेल तर निगेटिव्हवर त्याचं चित्र अर्ध्या मिलिमीटरपेक्षाही लहान पडतं. कॅमेऱ्याने जे होतं ते मोजलं. मग आपल्याला तो मोठा का वाटतो? यावर शास्त्रज्ञांचं अजून एकमत नाहीये, समोरच्या होड्या, माड, किल्ल्याचा तट यामुळे अंतराचं भान येतं म्हणून असं एक म्हणणं आहे. पण आजी चुकली नव्हती, हे मला आजही ठामपणे सांगावंसं वाटतं. तिने आयुष्यभर पाहिलेला सूर्य मोठाच होता.

आता सगळ्यांनी हात लांब करा, अंगठा वर. नखाकडे एकटक बघा आणि नजर न हलवता भिंतीवरच्या कॅलेंडरची तारीख वाचून दाखवा. नाही ना जमत? त्या नखाएवढ्या भागात, दीड-दोन अंशात, तेवढंच आपल्याला खरं बारीक दिसतं. बाकी सगळं धूसर. तरी आख्खा हॉल स्पष्ट दिसतोय असं वाटतं, कारण डोळा सेकंदाला तीनेक उड्या मारतो, जिथे गरज तिथे जातो, आणि उडी चालू असताना जे पुसट दिसायला हवं ते मेंदू आपल्यापर्यंत येऊच देत नाही. घरी आरशासमोर उभे राहा, आपल्या डाव्या डोळ्याकडे बघा, मग उजव्या. स्वतःचे डोळे हललेले तुम्हाला कधीच दिसणार नाहीत, शेजारी उभ्या असलेल्याला मात्र दिसतील.

हे कॅमेऱ्याला येत नाही, आणि नवीन मुलं इथेच फसतात. किनाऱ्यावर रापण, म्हणजे मोठं जाळं, ओढतायत, मुलगा काय करतो, समुद्रावरून झटकन माणसांवर, तिथून झटकन जाळ्यावर कॅमेरा फिरवतो, कारण त्याच्या डोळ्याने तसंच पाहिलेलं असतं. पण सेकंदाला 24 फ्रेम, शटर निम्मा वेळ बंद, म्हणजे एक फ्रेम साधारण 1/48 सेकंद उघडी राहते, तेवढ्यात चित्र सरकलं की ते फासलं जातं आणि पडद्यावर नुसता लगदा दिसतो. मी त्यांना सांगतो, फिरवू नका, कट करा. दोर ओढणारे हात, मग कट, मग लाट, मग कट, जाळ्यातले तारली-बांगडे. माझ्या मते डोळ्याच्या उडीला सगळ्यात जवळचं जर काही असेल तर तो हा कट आहे.

अजून एकच सांगतो. उजेड कमी झाला की आपण वेगळ्याच पेशींनी बघायला लागतो, त्यांना लाल रंग जवळजवळ दिसत नाही. चेक शास्त्रज्ञ पुर्किन्ये यांनी 19व्या शतकात हे टिपलं: दिवसा झळकणारं लाल फूल तिन्हीसांजेला काळं पडतं आणि पानं त्याच्यापेक्षा उजळ दिसतात. रंगीत फिल्मचे थर मात्र दिवसा जे, संध्याकाळीही तेच. म्हणून भर दुपारी रात्रीचा सीन काढायचा तर कॅमेरामन एक्स्पोजर कमी करून चित्र निळसर करायचे, माणसाची रात्रीची नजर फिल्मला हाताने द्यावी लागायची.

बाहेर कुंपणाला जास्वंद आहे, येताना पाहिली असेल. आता सात वाजून गेलेत. जरा दिवे घालवा, प्लीज. मोबाईल खिशात ठेवा, दहा मिनिटं इथेच अंधारात बसू आणि मग सगळे मिळून बघायला जाऊ.